खेळ, खेळाडू आणि प्रेक्षकाची टाळी

घरात बायकोचा छळ करणाऱ्या खेळाडूचा खेळ आपण पाहावा काय? दिवाळीच्या फराळाबरोबर हा प्रश्न पुढे ठेवणे काहींना रसभंगाचे वाटेल. पण सुट्टीत सारे कुटुंब ज्या खोलीत बसून सामना पाहते, त्याच खोलीत तो कधी ना कधी उभा राहतोच. आमच्या धारूर तालुक्यातल्या तेलगावात याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. चौकात कोणी किती उचल घेतली याची बोलणी चालतात आणि त्यांच्या जोडीला कोण कसा खेळला याचीही. ‘पाहू नये, बहिष्कार घालावा’ असे म्हणणारे आता आपल्याकडेही भेटू लागले आहेत. त्यांचा संताप खरा आहे. उपायाविषयी मात्र विचार करायला हवा.

कलावंताचे चरित्र आणि त्याची कला यांचा संबंध काय, यावर मराठी साहित्यात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद आपण सारे ऐकत वाढलो. त्या वादातला एक युक्तिवाद क्रीडारसिक उसना घेतात: ‘आम्ही फक्त खेळ पाहतो, माणूस पाहत नाही.’ कवितेच्या बाबतीत हे बरेचसे पटते, कारण कवी गेला तरी कविता उरते. खेळाची गोष्ट वेगळी. तेथे खेळाडूचा देह हीच कलाकृती असते आणि टाळी थेट त्या देहधारी माणसाला पोचते. आपण त्याच्या नावाचा सदरा मुलाला घेतो, त्याची तसबीर भिंतीवर लावतो, ‘त्याच्यासारखा हो’ असे मुलाला सांगतो. मग माणूस पाहिलाच नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

या बाबतीत मराठी प्रेक्षकाची सवय जुनी आहे. १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपण सिंधूसाठी रडत आलो. सुधाकराच्या हातून तिचा संसार, तिचे मूल आणि ती स्वतः संपते. तरी मरतानाही ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. त्या सोशिकपणालाच आपण पातिव्रत्य समजलो आणि डोळे पुसून घरी आलो. नाटकात रडायचे आणि शेजारच्या घरातला आवाज ऐकून खिडकी लावून घ्यायची, हे दोन्ही आपल्याला एकाच आयुष्यात जमले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चारांत एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. हे आकडे खेळाडूंच्या घरांचे नव्हेत, आपल्या घरांचे आहेत.

आता खेळाडूंकडे वळू. लिअँडर पेस यांनी १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा देशभर आनंद झाला. तो आनंद कोणी परत मागू शकत नाही. त्यांच्याबरोबर राहिलेल्या जोडीदार स्त्रीने २०१४ साली कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली मुंबईत दाद मागितली. २०२२ च्या फेब्रुवारीत दंडाधिकारी न्यायालयाने पेस यांनी कौटुंबिक हिंसेची कृत्ये केल्याचा निर्णय दिला आणि दरमहा १ लाख रुपये पोटगीचा आदेश दिला. पुढे २०२४ च्या जुलैत न्यूपोर्ट येथील आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात विजय अमृतराज यांच्याबरोबर त्यांना स्थान मिळाले. खेळातली कर्तबगारी नाकारता येत नाही, हे मान्य. पण न्यायालयाचा निर्णय आणि गौरवाचा सोहळा यांत अडीच वर्षांचेही अंतर नाही, आणि या दोहोंचा एकत्र विचार करावा असे आपल्यापैकी फार थोड्यांना वाटले, ही गोष्ट विसरता येत नाही.

संस्थांचे वागणे पाहा. २०१८ च्या मार्चमध्ये मोहम्मद शमी यांच्या पत्नीने त्यांच्यावर अनेक आरोप केले. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. क्रिकेट मंडळाने प्रथम त्यांचा करार रोखला, सामनेनिश्चितीच्या अंगाने चौकशी केली, त्यात काही आढळले नाही म्हणून त्याच महिन्यात करार दिला. पैशाचा गैरव्यवहार हा मंडळाचा विषय ठरला. घरातला छळ हा कोर्टाचा. अमेरिकेत २०१४ साली रे राइस या फुटबॉलपटूने भावी पत्नीला लिफ्टमध्ये मारले, तेव्हा संघटनेने आधी केवळ दोन सामन्यांची बंदी घातली. ठोशाचे चित्रण साऱ्या जगाने पाहिल्यावर मात्र त्याला संघातून काढले आणि बंदी बेमुदत केली. कृत्य तेच होते. वाढला होता तो बोभाटा.

मग सरसकट बहिष्कार का नको? मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचा दाखला आठवण्याजोगा आहे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर अशा धर्मवार संघांच्या त्या क्रिकेटला १९४० साली गांधीजींनी विरोध दर्शवला, आणि पुढे १९४६ साली ते सामने कायमचे बंद झाले. तेथे दोष सामन्यांच्या रचनेतच होता, म्हणून ते थांबवणे योग्य ठरले. येथे दोष एका माणसाच्या घरात आहे. दहा सहकाऱ्यांनी काय केले? आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक आणले. अशा कष्टाळू पोरांच्या वाटा आपण का अडवाव्यात?

दुसरेही एक कारण आहे. वाळीत टाकण्याची शिक्षा आपल्या गावांना चांगली ठाऊक आहे. ती एकट्यावर पडत नाही, बायकामुलांवरही पडते; म्हणूनच महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. खेळाडूची कमाई पुरती बंद पाडली, तर पोटगी कशातून निघणार? राइसवरच्या बेमुदत बंदीनंतर त्याच्या पत्नीनेही जाहीरपणे दुःख व्यक्त केले होते.

प्रेक्षकाच्या हाती खेळ नाही. हाती आहे ती टाळी, आणि तिची किंमत लहान नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, ते आपल्या पाहण्याच्याच भरवशावर. म्हणून मागणी नेमकी असावी. आरोप होताच शिक्षा नको. पण न्यायालयात हिंसा शाबीत झाली, तर सामनेनिश्चितीइतकाच स्पष्ट नियम मंडळाने तिच्यासाठीही करावा. तोवर त्या माणसाला पुरस्कार, कर्णधारपद, जाहिरातीतला आदर्श पती आणि शाळेतला प्रमुख पाहुणा यांपासून दूर ठेवावे. त्याने खेळावे, कमवावे, पोटगी द्यावी. मान मात्र पुन्हा मिळवावा लागेल. जुन्या तालमीत पैलवानाचे बाहेरचे वागणेही वस्तादाच्या नजरेत असे. तेव्हा हा विचार परदेशातून आणावा लागत नाही.

आणि ही कसोटी तेलगावातही लागू करावी. जत्रेच्या फडात फेटा बांधताना, सत्काराची नावे ठरवताना, कोणाच्या घरात काय चालते हे पंचांना बहुधा माहीत असते. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात. रात्री मार खाल्लेल्या बाईला पहाटे त्याच नवऱ्याबरोबर फडात मोळ्या बांधाव्या लागतात. तिला कसलाही बहिष्कार परवडत नाही. तिच्या वाटची नापसंती दाखवण्याचे काम इतरांचे आहे. दूरच्या खेळाडूचा सामना बंद करणे त्या मानाने सोपे. ओळखीच्या, मानाच्या, मतांच्या माणसाला फेटा नाकारणे अवघड. आपल्या संतापाची खरी परीक्षा तेथे आहे.