उपमेने ओळखलेली अळंबी

दिवाळी अंकात समीक्षक बहुधा वर्षभरातल्या कादंबऱ्यांचा हिशेब मांडतो. मी मात्र आज अशा एका ग्रंथाविषयी लिहिणार आहे, की जो निघून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे आणि ज्याची नायिका एक अळंबी आहे. ग्रंथाचे नाव ‘सोम’, कर्ते गॉर्डन वॅसन, साल १९६८. ऋग्वेदातला सोम म्हणजे वेल नव्हे, गवत नव्हे, तर लाल टोपीवर पांढरे ठिपके मिरविणारी एक मादक अळंबी होय, असा या ग्रंथाचा सिद्धान्त आहे. मी काही वेदांचा पंडित नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना मराठी शिकवणारा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर आहे. परंतु हा ग्रंथ मुळात काव्य कसे वाचावे याच प्रश्नावर उभा आहे, आणि त्या प्रश्नावर मास्तरालाही दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा.

वॅसनसाहेबही पेशाने विद्वान नव्हते. न्यूयॉर्कच्या एका बड्या पेढीत ते उपाध्यक्ष होते. १९२७ साली, नुकतेच लग्न झालेले असताना, ते पत्नीसह डोंगरात गेले. पत्नी व्हॅलेंटिना जन्माने रशियन. रानात अळंब्या दिसताच बाई हरखून धावल्या, ओटी भरून घेऊन आल्या आणि रांधून जेवल्या. नवऱ्याने मात्र घास घेतला नाही. सकाळी आपण विधुर होऊन उठणार, याची त्याला जवळजवळ खात्रीच होती! एकाच ताटाविषयी दोन माणसांच्या मनांत इतके अंतर का, या कुतूहलातून दोघांनी तीस वर्षे अभ्यास केला. आपल्याकडे तरी दुसरे काय आहे? मनुस्मृतीने छत्राक निषिद्ध ठरवले, आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना श्रावणात अळंबीच्या कालवणाची वाट पाहणारी घरे आहेत.

पुढे १९५५ साली मेक्सिकोच्या डोंगरातील एका खेड्यात वॅसन पोचले. तेथे मारिया साबिना नावाची वैदू स्त्री आजाऱ्यांसाठी रात्रीचे अनुष्ठान करी आणि त्यात मादक अळंबीचे सेवन होई. वॅसननी १९५७ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याची हकीकत छापली. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी त्या अळंबीतले सिलोसायबिन हे द्रव्य वेगळे काढले. लेख वाचून परक्या मुलुखातील तरुणांची त्या खेड्याकडे रीघ लागली. बाईंवर गावाचा रोष झाला, त्यांचे घरही जळाले. एका वाचनीय लेखाची किंमत कोणी मोजली, हे समीक्षकाने विसरू नये.

आता ‘सोम’कडे वळू. (ही अळंबी मेक्सिकोतल्या अळंबीहून निराळी, तिच्यातली द्रव्येही निराळी.) वॅसन म्हणतात, ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात ११४ सूक्ते जवळजवळ सगळी सोमाचीच, पण त्यांत मुळांचा, पानांचा, फुलांचा, बीजाचा उल्लेख आढळत नाही, मग मुळे-पाने-फुले नसलेली वनस्पती अळंबीवाचून दुसरी कोणती? सोम पर्वतावरचा, सूर्यासारखा, अग्नीसारखा. ही अळंबीही भूर्ज आणि चीड यांच्या सोबतीने थंड प्रदेशात वाढणारी आणि निखाऱ्यासारखी लाल. आर्य मैदानात उतरले, ती दुर्मिळ झाली, म्हणून पुढच्या ग्रंथांत सोमाच्या जागी दुसऱ्या वनस्पती आल्या. युक्तिवाद मोठा रेखीव आहे. एखाद्या चांगल्या रहस्यकथेसारखा तो वाचकाला पुढे ओढीत नेतो. सोमाच्या उत्तरकालीन इतिहासाचा भाग वेंडी डोनिजर यांच्याकडून लिहवून घेण्याची साक्षेपी वृत्तीही वॅसनपाशी आहे.

तथापि घोटाळा होतो तो येथेच. कवी जेव्हा सोमाला सूर्य म्हणतो तेव्हा तो सोमाचा गौरव करतो. सोम रानात कसा ओळखावा हे तो सांगत नसतो. वर्गात ‘कमलनयन’ शब्द आला म्हणून कोणी पोर राजपुत्राच्या डोळ्यांत पाकळ्या मोजू लागत नाही. उपमा वस्तूची थोरवी सांगते, लक्षण वस्तूला तिच्या सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वस्तूपासून वेगळे करते. वॅसननी उपमेला लक्षण मानले. ‘हरि’ हा एकच शब्द घ्या. तो पिवळ्यापासून पिंगटापर्यंत आणि थेट हिरव्यापर्यंत जातो. वॅसन त्याला आपल्या अळंबीच्या रंगाकडे ओढतात. उलट दगडांनी कुटणे, लोकरीच्या गाळणीतून गाळणे, दुधात मिसळणे या कृतींचे वर्णन सूक्तांत आहे, आणि ‘अंशु’ हा शब्द काडीकडे, तंतूकडे बोट दाखवतो. जॉन ब्रफ या संस्कृतज्ञांनी १९७१ साली वॅसनच्या वाचनावर सविस्तर आक्षेप घेतले. त्यांचा रोखही या वाचनपद्धतीवरच होता, असे मी समजतो.

याच्या शंभर वर्षे आधी पुण्यात एक निराळा वाचक होऊन गेला. मार्टिन हाउग हे जर्मन पंडित पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते. १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ऐतरेय ब्राह्मणाच्या भाषांतरात त्यांनी लिहून ठेवले आहे, की इकडचे याज्ञिक पुण्याजवळच्या डोंगरांवरचे जे झुडूप सोम म्हणून वापरतात तो वेदांतला सोम नव्हे. त्यांनी रस स्वतः चाखला होता. कडू, तुरट, किंचित मादक, आणि चार चमच्यांपलीकडे घशाखाली न उतरणारा. हातात वनस्पती होती, तोंडात चव होती, तरीही हाउगनी ‘हाच तो सोम’ असे म्हटले नाही. असा संयम मला सिद्धान्ताहून थोर वाटतो.

मार्गासनी हे राजगडाच्या वाटेवरचे गाव. पावसाळ्यात गडाकडे जाणारी पोरे आता चहाच्या टपरीवर नशेच्या अळंबीची चौकशी करतात आणि खिशातल्या फोनवर चित्र दाखवतात. मी शेजारच्या एका वृद्ध बाईंना विचारले, “मावशी, अळंबी ओळखायची कशी?” त्या म्हणाल्या, “गुरुजी, वळखायची न्हाई, ठावं आसावी लागती.” कोणते वारूळ, कितवा पाऊस, देठ मातीत किती खोल जातो, गेल्या साली कुठे उगवली होती, हे सारे त्यांच्या ‘ठावं’मध्ये येते. आणि शंका आली की पाटीतली सगळी फेकून देणे, हेही येते. हे खरे लक्षणशास्त्र.

अर्थात खेड्यातले सगळेच ज्ञान सोन्याचे नसते. अळंबीच्या भांड्यात चांदीचे नाणे टाकावे, काळे पडले तर विषारी, अशी एक समजूत आहे. ती साफ खोटी आहे, आणि तीही एक उपमाच आहे: काळे म्हणजे अशुभ! किड्याने खाल्ली म्हणजे माणसाला चालते, हेही तसेच. सर्वांत घातक अळंब्यांतले विष शिजवूनही जात नाही. पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग जरा उतार पडल्यासारखे वाटते, आणि त्याच वेळी यकृत नासत असते. नशेच्या आशेने नवशिका ज्या बोटभर तपकिरी छत्र्यांना हात घालील, त्यांसारखीच दिसणारी गॅलेरिना नावाची अळंबी हेच विष बाळगते. शिवाय सिलोसायबिन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.

ग्रंथालयात बसून उपमेला लक्षण मानले तर फार तर एक सिद्धान्त कोसळतो. रानात तेच केले तर घरातले माणूस जाते. म्हणून ‘सोम’ जरूर वाचावे, पण एका रसिकाने काव्याच्या मागे केलेला दीर्घ प्रवास म्हणून. त्यातले सूर्य आणि अग्नी कवीचे आहेत. ते हातात धरून रानात उतरू नये. माझ्या वर्गातल्या मुलांना मी व्याकरणाच्या तासाला उपमा आणि लक्षण यांतला भेद शिकवतो तेव्हा ती कंटाळतात. या पावसाळ्यापासून मी त्यांना उदाहरण अळंबीचे देतो, आणि कोणी जांभई देत नाही.