फ्रान्सिस शेफर : प्रामाणिक प्रश्न आणि घाईचे निदान

फ्रान्सिस शेफर (१९१२–१९८४) हे मूलतः पाळक होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या ग्रंथांचे योग्य मूल्यमापन होणार नाही. अमेरिकेतील हे प्रेस्बिटेरियन सेवक १९४८ मध्ये स्वित्झर्लंडला गेले. १९५१ मध्ये त्यांच्याच श्रद्धेला हादरा बसला, आणि ख्रिस्ती धर्म सत्य आहे काय, हा प्रश्न त्यांनी मुळापासून पुन्हा तपासला. १९५५ मध्ये त्यांनी व पत्नी ईडिथ यांनी आल्प्समधील उएमो गावी ‘लाब्री’, म्हणजे आश्रयस्थान, सुरू केले. संशयग्रस्त तरुणांना तेथे अन्न, निवारा आणि मोकळी चर्चा लाभे.

त्यांची भूमिका ‘एस्केप फ्रॉम रीझन’ (१९६८) या छोट्या पुस्तकात थोडक्यात येते. त्यांच्या मते संत थॉमस अक्वायनस यांनी मानवाची इच्छाशक्ती पतित मानली, बुद्धी मात्र अबाधित ठेवली. त्यामुळे प्रकृती स्वायत्त होऊन तिने हळूहळू कृपेला गिळले. पुढे कीर्केगार्द यांच्यापासून श्रद्धा म्हणजे विवेकाबाहेरची उडी ठरली.

हे निदान आकर्षक आहे; परंतु आम्हांस ते मान्य करता येत नाही. पापामुळे मानवी प्रकृतीला झालेल्या जखमांत थॉमस ‘सुम्मा’मध्ये अज्ञानाची गणना करतात, आणि ती बुद्धीचीच जखम होय. शिवाय त्यांच्या ईश्वरविज्ञानात प्रकृती कृपेवाचून पूर्णत्वास पोहोचतच नाही. मग ती स्वायत्त कशी? कीर्केगार्द यांचा रोखही मुख्यतः डेन्मार्कमधील सवयीच्या ख्रिस्तीपणावर होता.

ही चूक केवळ विद्वानांपुरती नाही. शतकानुशतकांचा विचार एका उतरत्या रेषेत बसविण्याची सवय जडली, की समोरच्या माणसाचे ऐकण्याआधीच त्याची जागा ठरून जाते. ‘अ ख्रिश्चन मॅनिफेस्टो’ (१९८१) मध्ये हीच रेषा राजकीय आवाहनापर्यंत पोहोचली, आणि अमेरिकेतील सुवार्तावादी राजकारणावर तिचा खोल ठसा उमटला.

तथापि लाब्रीतील शेफर ग्रंथांतील शेफर यांच्याहून मोठे वाटतात. प्रामाणिक प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावे, ‘नुसता विश्वास ठेव’ म्हणून कोणास परत पाठवू नये, हा त्यांचा दंडक. तो पाळायला वेळ आणि घर दोन्ही खर्ची घालावे लागतात. त्या दांपत्याने ते घातले. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलाने पुनरुत्थानाविषयी शंका काढली, तर आपण तिला उद्धटपणा समजतो काय, याचा विचार धर्मगुरूंनी व कॅटेकिस्टांनी अवश्य करावा. शेफर यांनी सांगितलेला इतिहास तपासूनच घ्यावा. शंकेकडे पाहण्याची त्यांची रीत मात्र आम्हांस अनुकरणीय वाटते.