लाल बझार आणि गोरा सोजीर : छावणीजीवनावरील तीन ग्रंथांचे चिकित्सक वाचन

इ. स. १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर पुण्यात इंग्रजी फौजेची कायमची छावणी पडली. मार्केट यार्डाकडून लष्करात जाताना लागणारे गोळीबार मैदान आजही नावातून तिची आठवण देते. छावणीबरोबर सदर बझार आला, पलटणींच्या मागोमाग ‘लाल बझार’ही आला. मायदेशापासून वर्षानुवर्षे दूर राहणाऱ्या गोऱ्या शिपायांपैकी फारच थोड्यांना पत्नीसह राहण्याची परवानगी असे. उरलेल्यांच्या संध्याकाळी कँटीन, दारूचे गुत्ते आणि हा बझार यांत जात. या व्यवहाराकडे तीन ग्रंथांनी तीन निरनिराळ्या बाजूंनी पाहिले आहे.

केनेथ बॅलहॅचेट यांचा ‘रेस, सेक्स अँड क्लास अंडर द राज’ (१९८०) हा ग्रंथ मुख्यतः सरकारी दप्तरावर उभा आहे. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगविषयक कायदा यांनी स्त्रियांची नोंदणी, ठरावीक मुदतीने तपासणी आणि लॉक हॉस्पिटलातील सक्तीचा उपचार यांची व्यवस्था लावली. बंधन स्त्रीवर होते, तिच्याकडे येणाऱ्यावर नव्हते. अधिकाऱ्याने देशी स्त्रीशी संबंध ठेवल्यास राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेला बाधा येते, शिपायाची गरज मात्र सरकारने भागवावयाची बाब ठरते. हा वर्गभेद बॅलहॅचेट यांनी अचूक टिपला असून तेच या ग्रंथाचे खरे बळ आहे. परंतु दप्तराची भाषा हळूहळू ग्रंथाचीही भाषा होते. स्त्री येथे रुग्णसंख्येतून डोकावते, नावाने क्वचितच.

१८८६ मध्ये, लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, पलटणींच्या बझारांत पुरेशा आणि आकर्षक स्त्रिया असाव्यात असे परिपत्रक निघाले. त्यावर इंग्लंडमध्ये गदारोळ झाला व १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. व्यवहार थांबला नाही. एलिझाबेथ अँड्र्यू व कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी १८९१-९२ मध्ये छावण्यांत हिंडून हे उघड केले. १८९३ मध्ये रॉबर्ट्स यांना माफी मागावी लागली. त्यांच्या ‘द क्वीन्स डॉटर्स इन इंडिया’ या पुस्तकात लाल बझारातील स्त्री प्रथमच बोलताना दिसते. मात्र तिचे बोलणे उद्धाराची वाट पाहणाऱ्या अबलेच्या साच्यात बसविले जाते. बझार सांभाळणाऱ्या महालदारणीकडे लेखिका केवळ खलनायिका म्हणून पाहतात. ती स्वतः याच व्यवस्थेत कशी अडकली, हा प्रश्न त्यांना पडत नाही. शिवाय त्यांची पाहणी प्रामुख्याने उत्तरेकडील छावण्यांची आहे.

फ्रँक रिचर्ड्स यांचे ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) हे साध्या शिपायाने लिहिलेले आत्मकथन. आग्रा येथील, केवळ गोऱ्या शिपायांसाठी राखलेल्या वस्तीचे त्यातील वर्णन ना लाजेने झाकलेले आहे, ना बढाईने फुगविलेले. वर्णभेदाची रेघ वेश्यावस्तीच्या दारातही ओढली जात होती, हे बॅलहॅचेट दप्तरातून सिद्ध करतात. रिचर्ड्स ते सहज सांगून जातात. त्या सहजतेतच त्यांची मर्यादा आहे.

मराठी लेखनाची गोष्ट निराळी. ‘सोजीर’ हा शब्द मराठीत रुळला तरी त्याभोवतीची स्मृती रात्रीच्या बझाराची नाही, १८९७ च्या प्लेगमधील घरझडत्यांची आहे. ‘केसरी’तील टीका आणि दामोदर चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त यांत सोजीर पेठेतील घराचा उंबरठा ओलांडणारा म्हणून येतो. पेठेतील स्त्रीची अब्रू हा सार्वजनिक प्रश्न झाला, आणि तो रास्तच होता. लष्करातील स्त्रीची रोगासाठी होणारी सक्तीची तपासणी त्याआधी कित्येक वर्षे चालू होती. तिच्याविषयी पेठांत तसा क्षोभ उसळला नाही. १८९५ च्या सुमारास गोऱ्या फौजेत गुप्तरोगाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजारी पाचशेच्या वर गेले होते. त्याचाच आधार घेऊन छावण्यांतील नियंत्रणाचे नियम पुन्हा आणले गेले, तेही १८९७ मध्येच. ज्या वर्षी पुण्याने रोगाच्या नावाने घरात शिरणाऱ्या सत्तेला विरोध केला, त्याच वर्षी ती सत्ता शहराच्या पूर्वेकडील वस्तीत रोगाच्याच नावाने परत येत होती.