मनो माजरा : सलोख्याची मर्यादा

खुशवंत सिंग यांची ‘ट्रेन टू पाकिस्तान’ (१९५६) ही कादंबरी १९४७ च्या फाळणीचा विचार सतलजकाठच्या मनो माजरा या काल्पनिक खेड्याच्या आधारे करते. एकाच पटांगणाभोवती गुरुद्वारा व मशीद असून तळ्याकाठच्या शिळेला साऱ्याच धर्मांचे लोक भजतात. मात्र जमीन शिखांची आणि मुसलमान त्यांची कुळे, हे लेखकाने प्रारंभीच नोंदविले आहे. सलोखा खरा, परंतु तो समानतेवर उभा नाही. निर्वासितांचे लोंढे येताच शीख गावकरी मुसलमान शेजाऱ्यांसाठी अश्रू ढाळतात आणि अखेर त्यांना छावणीत जाण्याचा सल्ला देतात. या निरोपात कोणीही दुष्ट नाही, हेच त्यातील दारुण सत्य होय.

सुशिक्षित इक्बाल विचारातच गुंततो. मुसलमानांची गाडी वाचवितो तो गावाने ओवाळून टाकलेला जग्गा. पुलावरचा दोर कापताना त्याचा अंत होतो. त्याच गाडीत त्याची प्रेयसी नूरन आहे. म्हणून या बलिदानात तत्त्वापेक्षा नाते प्रबळ ठरते. हा शेवट काहीसा नाट्यपूर्ण वाटला, तरी समूहाची सदिच्छा जेथे सल्ल्यापाशीच थांबते, तेथे कृतीचे ओझे एकट्या माणसावर पडते, हे कादंबरीचे मर्म त्यातूनच प्रकट होते.