स्मृतिचित्रे आणि आठवणींचे साचे

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची स्तुती करताना त्यांच्या स्मरणशक्तीला हटकून कॅमेऱ्याची उपमा दिली जाते. मला ती पटत नाही. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा बाईंनी पासष्टी ओलांडली होती. पन्नास वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात झालेली बोलणी शब्दशः कोणाला आठवतात?

वाचकांनी आपली गेल्या दहा दिवाळ्यांची अभ्यंगस्नाने आठवून पाहावीत. उटणे, पणती, पहाटेची थंडी यांचे एकच चित्र उभे राहील. ते कोणत्या सालचे, हे सांगता यायचे नाही. निराळी आठवते ती ऐन वेळी बंब विझला ती दिवाळी! नित्याच्या गोष्टींचा मनात साचा बनतो आणि आठवणीतल्या रिकाम्या जागा मन त्या साच्यातून भरून काढते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी १९३२ साली हेच मांडले. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली. ती पुन्हा सांगताना कित्येकांनी सीलच्या शिकारीची मासेमारी केली आणि न उमजलेला भाग गाळून टाकला.

लक्ष्मीबाईंचा साचा सोवळ्याचा. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवायला लावणाऱ्या वडिलांच्या घरी तो घडला. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि त्याला तडा गेला. पुढे नगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) पतीबरोबर पुन्हा संसार मांडल्यावरही बाईंनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. ते कसे सुटत गेले, हा पुस्तकातला मला सर्वांत जिवंत वाटणारा भाग. कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, असल्या बारीक गोष्टी त्यांच्या ध्यानात राहिल्या. कारण तेव्हा त्या बारीक नव्हत्या.

पण बाईंची खरी कसोटी दुसऱ्याच साच्याने घेतली. धर्मांतरिताच्या आत्मकथेला एक ठरीव वळण असते: आधी काळोख, मग उजेड. १९०० साली स्वतः ख्रिस्ती झालेल्या बाईंना ते सोयीचे होते. तरी त्यांनी माहेरच्या घराला काळा रंग फासला नाही. वडिलांच्या सोवळ्याचा जाच सांगतानाही त्या हसतात, हसवतात. संवादांतले शब्द मागाहून भरलेले असणार, हे मी खुशाल मान्य करतो. मात्र साच्यातूनच सारे भरले असते, तर टिळक नुसते पूज्य रेव्हरंड झाले असते. क्षणात भडकणारे, हाती पैसा न टिकणारे आणि तरीही हवेसे वाटणारे टिळक आपल्याला भेटले नसते.