मोतद्दाराचे नाव

गेल्या वर्षी सिनसिनाटीला भाचीकडे मुक्काम होता. तिच्या धाकट्याला घोड्यांचे भारी वेड. म्हणून एका रविवारी आम्ही सारी दक्षिणेला लेक्झिंग्टनकडे निघालो. तेथले ‘केंटकी हॉर्स पार्क’ १९७८ साली सुरू झाले. सुमारे बाराशे एकरांची हिरवळ, लाकडी कुंपणे, नाना जातींचे घोडे आणि आवारातच संग्रहालये. मुलगा घोड्यांत रमला, मी संग्रहालयांत. पुस्तकांची परीक्षणे लिहून लिहून मला एक खोड जडली आहे. कोणी गोष्ट सांगू लागले, की त्याने कोणाला गाळले ते मी आधी शोधते.

पार्कात मॅन ओ' वॉर या घोड्याचा भव्य ब्राँझचा पुतळा आहे, हर्बर्ट हेझलटाइनने घडविलेला. १९१७ साली जन्मलेला हा घोडा २१ शर्यती धावला आणि २० जिंकला. मात्र केंटकीत एकदाही धावला नाही! १९४७ साली तो गेला, तेव्हा त्याचा अंत्यविधी रेडिओवरून ऐकविण्यात आला. त्याचा मोतद्दार विल हारबट वर्षानुवर्षे येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याची कीर्ती रंगवून सांगत असे. तो घोड्याच्या आधी काही आठवडेच वारला. घोड्याची अर्धी आख्यायिका या माणसाच्या जिभेवर वाढली, असे मला वाटते. पुतळा मात्र एकट्या घोड्याचा.

तिथून जवळच आयझॅक मर्फीची कबर आहे. हा कृष्णवर्णीय जॉकी १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन वर्षी केंटकी डर्बी जिंकला व १८९६ साली निवर्तला. पुढे त्याच्या कबरीची खूणही हरपली होती. १९६७ साली त्याचे अवशेष हलविले ते मॅन ओ' वॉरच्या सान्निध्यात, आणि नंतर घोड्याबरोबर तोही या पार्कात आला. ज्या घोड्याचा जन्मच याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी झाला, त्याच्या शेजारी याला का निजवावे? हेतू गौरवाचाच असणार, पण मला तो गौरव उसना वाटला. माणसाला घोड्याच्या पंगतीला बसविले, तेव्हा कुठे लोक त्याच्याकडे पाहू लागले.

आतील ‘इंटरनॅशनल म्युझियम ऑफ द हॉर्स’ मात्र मन लावून मांडलेले आहे. अरबी घोड्यांचे दालन तर पुन्हा पाहावे असे. कॅल्युमेट फार्मचे चांदीसोन्याचे चषक पाहून आधी डोळे दिपतात, मग कंटाळतात. सॅडलब्रेड जातीचे निराळे संग्रहालय आहे. ते मी पायांची तक्रार ऐकत पाहिले. कृष्णवर्णीय अश्वपालांचा इतिहास जमविण्याचे काम या मोठ्या संग्रहालयाने हाती घेतले आहे, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. १८७५ च्या पहिल्या डर्बीत १५ पैकी १३ स्वार कृष्णवर्णीय होते. पुढे त्यांना शर्यतींतून हुसकावले गेले, आणि १९०२ नंतर एकाही कृष्णवर्णीय स्वाराला डर्बी जिंकता आलेली नाही. या पार्कातल्या साऱ्या वैभवात मला महत्त्वाचे वाटले ते हे.

परक्यांना बोल लावताना जीभ थोडी अडखळली. स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर हे आपल्या इतिहासात पानोपानी भेटतात. पहाटे उठून खरारा करणाऱ्या मोतद्दाराचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? मला एकही आठवेना.

निघताना सेक्रेटेरियटचा पुतळा लागला. १९७३ ची डर्बी जिंकून आलेला घोडा, पाठीवर रॉन टरकॉट, आणि लगाम धरून शेजारी आणखी एकजण. भाचीच्या मुलाने विचारले,

“आजी, तो खाली उभा आहे तो कोण गं?”

“एडी स्वेट. घोड्याचा मोतद्दार.”

शब्द त्याला नवा होता. गाडीत बसेपर्यंत तो तीनदा म्हणून पाहत होता.