नाट्यगृह मोठे कशाने होते?

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाकरिता ‘संयुक्त मानापमाना’चा जो प्रयोग झाला, त्यात केशवराव भोसले धैर्यधर झाले होते आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्रीची आठवण आज काढण्याचे कारण असे की, या दोन थोर नटांची नावे धारण करणाऱ्या दोन वास्तू आपल्या काळात एकाच प्रश्नाच्या पेचात सापडल्या. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस उजाडला तो खुद्द केशवरावांच्या जयंतीचा. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरास आग लागली नाही. पण २०१८ साली महापालिकेच्या अंदाजपत्रकातून त्याच्या ‘पुनर्विकासा’ची कल्पना पुढे आली, २०२२ साली तिने पुन्हा उचल खाल्ली, आणि जुनी वास्तू राखावी की पाडून मोठे संकुल उभारावे यावरून रंगकर्मींत व रसिकांत दोन तट पडले. एकीकडे जळालेले पुन्हा उभे करावयाचे, दुसरीकडे उभे असलेले पुन्हा बांधावयाचे. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: नाट्यगृह नवे करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि ते कोणाकरिता?

हा प्रश्न स्थापत्यविशारदांचा व नगरपित्यांचा आहे, वाङ्मयाच्या टीकाकाराने त्यात पडू नये, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य नाही. नाटककार कागदावर लिहितो खरे, परंतु वास्तूच्या मापाने लिहितो. एलिझाबेथकालीन लंडनमध्ये रंगमंच प्रेक्षकांच्या घोळक्यात पुढे आलेला होता, म्हणून तेथील नटाला प्रेक्षकाच्या कानाशी लागावे तसे मनातले बोलता येई. शेक्सपिअरची स्वगते त्या जवळिकीची अपत्ये आहेत. आपले संगीत नाटक चौकटीच्या रंगमंचावर, रंगविलेल्या पडद्यांपुढे, ऑर्गन-तबल्याच्या साथीने वाढले. त्याचा डौल त्या चौकटीचा आहे. तेव्हा नाट्यगृह बदलणे म्हणजे उद्याचे नाटक बदलणे होय, आणि त्याविषयी बोलणे हे टीकाकाराचे कामच आहे.

अशा वेळी हाच प्रश्न शंभर वर्षांत दोनदा ज्या गावापुढे आला आणि दोन्ही वेळा ज्याने तो निराळ्या रीतीने सोडविला, त्या गावाचा दाखला पाहणे हितावह ठरेल. ते गाव म्हणजे शेक्सपिअरचे जन्मस्थान, इंग्लंडातील स्ट्रॅटफर्ड. लंडनच्या झगमगाटापासून दूर, एव्हन नदीकाठच्या या लहानशा गावात चार्ल्स फ्लॉवर नावाच्या बिअरच्या कारखानदाराने जमीन देऊन व खटपट करून १८७९ साली शेक्सपिअरचे स्मारक-नाट्यगृह उभे केले. ६ मार्च १९२६ रोजी ते जळाले. कोल्हापूरकर आपल्या नाट्यगृहाची राख पाहून रडले. स्ट्रॅटफर्डच्या त्या आगीनंतर बर्नार्ड शॉने चालकांचे चक्क अभिनंदन केले, कारण जुने नाट्यगृह नाटकाच्या सोयीचे नव्हते असे त्याचे मत होते. गावाने मात्र खंड पडू दिला नाही. नवी इमारत होईपर्यंत गावातल्या चित्रपटगृहात प्रयोग चालू राहिले.

नव्या इमारतीसाठी स्पर्धा झाली, आणि १९२८ साली ती एलिझाबेथ स्कॉट या तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रीने जिंकली. एका स्त्रीच्या आराखड्यावरून उभारलेली ब्रिटनमधील ही पहिली महत्त्वाची सार्वजनिक इमारत. २३ एप्रिल १९३२ रोजी ती उघडली. साध्या विटांचे ते भारदस्त रूप पाहून लोकांनी त्यास मुरंब्याचा कारखाना म्हणून हिणविले. पण खरे दुखणे बाहेर नसून आत होते. प्रेक्षागार पंख्यासारखे पसरलेले, रंगमंच चौकटीच्या आत गेलेला, आणि शेवटची खुर्ची रंगमंचापासून २७ मीटर दूर. नटांची तक्रार पहिल्यापासून होती की, येथे प्रेक्षक दिसतो पण हाती लागत नाही. आणखी एक गोष्ट त्या घराच्या रचनेतच होती: वरच्या सज्जातील स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक निराळ्या दाराने व निराळ्या जिन्याने वर चढे. पुढच्या सुंदर दालनात त्याचे पाऊल पडतच नसे. वास्तूने समाजाची उतरंड विटांत बांधून ठेवली होती.

पुढे कित्येक दुरुस्त्या झाल्या, पण मूळ दोष राहिलाच. २००१ साली संस्थेचे तेव्हाचे कलासंचालक एड्रियन नोबल यांनी ही इमारत पाडून तेथे नाट्यनगरी उभारण्याची योजना मांडली. तिच्यावर गहजब झाला, पुढच्या वर्षी नोबल पायउतार झाले आणि योजना बारगळली. मग मायकेल बॉइड यांच्या कारकीर्दीत जो मार्ग काढण्यात आला, तो आमच्या मते या सर्व प्रकरणाचा गाभा आहे. इमारत पाडली नाही, आणि जशीच्या तशीही ठेविली नाही. स्कॉटबाईंचा दर्शनी भाग, १९३२ ची दालने, जिना हे सर्व राखले. प्रेक्षागार मात्र आतून कोरून काढून समूळ नवे केले. रंगमंच पुढे आणून तिन्ही बाजूंनी प्रेक्षक बसविले. जुन्या रंगमंचाच्या फळ्या फेकून न देता बाहेरच्या दालनात अंथरल्या. ज्या फळ्यांवर मोठमोठे नट वावरले, त्यांवरून आता तिकीटवाला सामान्य मनुष्य चालत जातो. २००७ साली बंद झालेले हे घर नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा उघडले. सर्व खर्च झाला ११ कोटी २८ लक्ष पौंड, आणि त्यातला मोठा वाटा सार्वजनिक निधीचा होता.

आता या खर्चाचे फळ काय, ते पाहू. ज्याला ‘विस्तार’ म्हणतात तो शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे खुर्च्यांची वाढती संख्या येते. स्ट्रॅटफर्डमध्ये झाले उलट. पूर्वी सुमारे १,४०० प्रेक्षक बसत, आता सुमारे १,०४० बसतात. इतके द्रव्य ओतून साडेतीनशे खुर्च्या गमावल्या! व्यवहारी मनुष्य यास वेडेपणा म्हणेल. परंतु दुसरा आकडा पाहावा: शेवटच्या खुर्चीचे अंतर २७ मीटरांवरून १५ मीटरांवर आले. पूर्वी ज्याला नटाचा हातवारा तेवढा दिसे, त्याला आता डोळ्यांतला भाव दिसतो. सज्जाचे वेगळे दार गेले. सर्वांना एकच प्रवेश, एकच दालन. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यास वाट झाली, स्वच्छतागृहांची जुनी टंचाई दूर झाली, शेजारच्या ‘स्वान’ नाट्यगृहाशी हे घर आतून जोडले गेले. ३६ मीटर उंचीचा नवा मनोरा, नदीकाठची वाट, दिवसभर उघडी राहणारी दालने यांमुळे ज्याने नाटकाचे तिकीट काढले नाही त्यालाही आत येण्यास निमित्त मिळाले. एवंच, खुर्च्या घटल्या आणि घर मोठे झाले.

याचा अर्थ त्या कामात दोष नाहीत असा मुळीच नाही. पहिला दोष असा की, दोन्ही घरांचा रंगमंच आता एकाच जातीचा झाला. ‘स्वान’ हे नाट्यगृह १९८६ साली १९२६ च्या आगीतून वाचलेल्या भिंतींच्या आत उभारले, आणि त्याचाही रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला. शेक्सपिअरला ते मानवते. परंतु ज्या नाटकाला चौकट, अंतर आणि चित्रासारखे नेपथ्य हवे, त्याने जावे कोठे? दुसरा दोष अधिक खोल आहे. दिवसभर दार उघडे ठेवणे ही स्वागताची खूण खरी, पण ज्या गावात प्रेक्षक बहुधा बाहेरगावचा पाहुणा असतो, तेथे उघड्या दारातून उपाहारगृहापर्यंत येणारा स्थानिक मनुष्य तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोहोचतोच असे नाही. वास्तू उंबरठा खाली आणू शकते; तिकिटाचा दर खाली आणणे तिच्या हाती नाही.

तिसरी गोष्ट दोष नव्हे, तर त्या कोट्यवधी पौंडांना मिळालेले एक मूक उत्तर आहे. १९७४ साली याच संस्थेने बझ गुडबॉडी या तरुण दिग्दर्शिकेच्या पुढाकाराने एका पत्र्याच्या शेडमध्ये ‘द अदर प्लेस’ नावाचे लहानसे नाट्यगृह सुरू केले. तेथेच १९७६ साली ट्रेव्हर नन यांनी इयान मॅकेलन आणि ज्युडी डेंच यांना घेऊन ‘मॅकबेथ’ बसविले, आणि तो प्रयोग आजही त्या नाटकाच्या उत्कृष्ट प्रयोगांत गणला जातो. त्याच १९७४ साली आपल्याकडे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रयोग सुरू केले, आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला त्या चार भिंतींचेच नाव मिळाले. दोन देशांत, एकाच वर्षी, ज्या जागांना कोणी नाट्यगृह म्हटले नसते त्यांनी नाटकाला नवे रक्त दिले. याचे मर्म सोपे आहे: जागा लहान, भाडे थोडे, आणि फसण्याची मुभा. मोठ्या घराच्या पुनर्रचनेत अशा लहान जागेची तरतूद नसेल, तर ते घर गर्दी जमवील, परंतु नाटककार जन्मास घालणार नाही.

हा मापदंड घेऊन आता घराकडे वळू. बालगंधर्व रंगमंदिराचा पाया ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते घातला गेला. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते उघडले तेव्हा ते स्वतः हयात नव्हते. या वास्तूच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी घातलेले लक्ष सर्वश्रुत आहे. अशा घराविषयी लोकांच्या मनात माया असणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ मायेने वास्तू टिकत नाही, आणि ‘मोठे संकुल’ या दोन शब्दांनी नाटकाचे भले होत नाही. जो कोणी पाडण्याचा आराखडा आणील, त्यास पुणेकरांनी खुर्च्या, मजले व वाहनतळ यांची संख्या विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या. शेवटच्या रांगेतून नटाचा चेहरा दिसेल काय? हौशी संस्थेला व महाविद्यालयीन मुलांना परवडेल असे दीडदोनशे जणांचे सभागृह त्यात असेल काय? आणि जुने घर बंद होऊन नवे उघडेपर्यंत प्रयोग कोठे होतील? स्ट्रॅटफर्डने मोठे घर बंद करण्याआधी, २००६ साली, हजारभर प्रेक्षकांचे तात्पुरते ‘कोर्टयार्ड’ नाट्यगृह उभे केले होते, आणि नव्या रंगमंचाची परीक्षाही त्यातच पाहून घेतली होती. आधी पर्याय, मग पहार. हा क्रम चुकला तर चार वर्षांत प्रेक्षकाची सवय मोडते, आणि मोडलेली सवय कोणताही कंत्राटदार बांधून देऊ शकत नाही.

कोल्हापूरचा प्रश्न निराळा, आणि एका अर्थी अधिक आशेचा. तेथे पाडावे की राखावे हा वादच अग्नीने मिटविला. उरला तो कसे उभारावे हा. शाहू छत्रपतींनी १९१३ ते १९१५ या काळात हे ‘पॅलेस थिएटर’ बांधले, त्याच्या अगदी शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान आहे. १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोममधील प्राचीन क्रीडागारे पाहून महाराजांना त्या मैदानाची कल्पना सुचली असे सांगतात. गोलाकार उतारावर बसलेल्या हजारो सामान्य माणसांना मधल्या हौद्यातली कुस्ती सारखीच दिसावी, अशी ती रचना आहे. स्ट्रॅटफर्डने कोट्यवधी पौंड खर्चून जे तत्त्व नाट्यगृहात आणले, ते येथे भिंतीपलीकडे शंभराहून अधिक वर्षे नांदत आहे. जुन्या दगडी रूपाचा मान ठेवून नवे उभारताना कोल्हापूरकरांनी या शेजाऱ्याकडे पाहावे. संगीत नाटकाची चौकट त्यांनी मोडू नये. ती आपल्या परंपरेची आहे, आणि स्ट्रॅटफर्डचा रंगमंच येथे जसाच्या तसा आणणे म्हणजे परक्याचा अंगरखा घालून मिरविणे होय. परंतु पिटातल्या प्रेक्षकालाही सारखे दिसावे, सारखे ऐकू यावे, त्याच दाराने आत येता यावे, रंगपटात नटाला माणसासारखे वावरता यावे, आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी, एवढे मागण्यासाठी परदेशी दाखल्याचीही गरज नाही. त्यासाठी खासबागेच्या पायऱ्यांवर एकदा बसून पाहिले तरी पुरे.